आईचं जन्मगाव आणि फुटबॉलचा संघ

सोयरीक असो, शाळा असो, लेकराचं गाव विचारलं की आपण वडिलांचं सांगतो. आईचं जन्मगाव सहसा कोणी विचारत नाही. फुटबॉलमध्ये मात्र विचारतात. रायन विल्यम्स या खेळाडूची गोष्ट त्यासाठीच सांगते.

रायन १९९३ साली ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मला. वडील इंग्लंडचे, आई मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन घरातली. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावांना हा समाज परका नाही. इंग्रजांच्या काळापासून ही मंडळी इंजिन ड्रायव्हर, गार्ड, तारबाबू म्हणून रेल्वेत होती. रायनच्या आजोळीही फुटबॉल होता. त्याचे आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५०च्या दशकात मुंबईकडून संतोष करंडक खेळले होते.

रायन कोवळ्या वयात इंग्लंडला गेला. पोर्ट्समथ, फुलहॅम अशा क्लबांकडून खेळला. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाकडून दक्षिण कोरियाविरुद्ध एकच सामना खेळला. २०२३मध्ये तो बेंगळुरू एफसीत आला.

एका देशाकडून खेळलेला माणूस दुसऱ्या देशाकडून कसा खेळणार? फिफा ही जगाच्या फुटबॉलची पंचायत म्हणा. तिचा नियम असा, की मुख्य संघाकडून स्पर्धेचा सामना खेळलात की बहुतेक त्याच देशाशी बांधले जाता. रायनचा तो एक सामना मैत्रीचा होता, म्हणून दार उघडं राहिलं. पण नव्या देशाचं नागरिकत्व लागतं, आणि त्या देशाशी नातंही दाखवावं लागतं: स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी तरी तिथे जन्मलेलं हवं, नाहीतर तिथे पाच वर्षं राहायला हवं. इथे आईचा जन्म वडिलांच्या जन्माइतकाच मोजतात. आपला नागरिकत्वाचा कायदा मात्र पूर्वी असा नव्हता. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व मिळायचं ते फक्त वडील भारतीय असतील तर. १९९२च्या डिसेंबरात तो बदलला, तेव्हा आईही त्यात आली.

भारत दोन नागरिकत्वं मान्य करत नाही. नुसतं ओसीआय कार्ड असून चालत नाही, भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. पुण्याच्या क्लबकडून खेळणाऱ्या अराता इझुमीने, ज्याचे वडील भारतीय आणि आई जपानी, २०१२मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं आणि पुढे तो भारताकडून खेळला. रायननेही ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला. नोव्हेंबर २०२५मध्ये सुनील छेत्रीच्या हातून त्याला भारताचा पासपोर्ट मिळाला आणि संघाच्या शिबिराचं बोलावणंही आलं. तरी ऑस्ट्रेलियाची ना-हरकत आणि वरची मंजुरी लागतेच. जन्मदेश असा कागदावर सोडून देणं सोपं नसणार, मला तरी जमलं नसतं.

आणि कागद म्हटला की आपल्याकडची अडचण आलीच. आपल्यातल्या कितीजणींकडे स्वतःचा जन्मदाखला आहे? त्यावर माहेरचं नाव असतं, बाकी कागदांवर सासरचं. दोन्ही जुळवायला विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवा. बाळंतपण माहेरी झालं तर बाळाची नोंद माहेरच्या गावातच होते, सासरच्या नाही. २१ दिवसांत ग्रामपंचायतीत, किंवा दवाखान्यात झालं असेल तर तिथूनच. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. महाराष्ट्रात १ मे २०२४नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, असा क्रम असतो. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून आपलं नाव नीट लिहिलंय का ते वाचा.