गिरणीची जमीन आणि आपला रस्ता

मुंबईत परळचा रस्ता का तुंबतो? प्रश्न वाहतुकीचा वाटतो. मुळात तो जमिनीचा आहे.

गिरण्या होत्या तेव्हा कामगार चाळीतून चालत पाळीवर जाई. भोंग्याबरोबर रस्ता भरे नि ओसरे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरविले: महापालिकेला मैदानांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. पण गिरणीत मोकळी जागा ती केवढी? बहुतेक जमीन इमारतींखालीच. वाटा आटला, मनोरे उठले, चालणाऱ्याच्या जागी मोटारवाला आला. गल्ल्या मात्र जुन्याच.

चूक आमचीही आहे. आम्ही थकलेल्या देण्यांसाठी घोषणा देत राहिलो. नियमाचा मसुदा उशिरा वाचला. तुमच्या गावाचा विकास आराखडा हरकतींसाठी लागेल तेव्हा नुसता नकाशा पाहू नका, नियमांचा शब्द न् शब्द वाचा. आमची मैदाने ‘मोकळ्या’ या एका शब्दात गेली.