कोकण किनारा पायी चालायचाय? आधी तिथी बघा, मग टप्पे पाडा!

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा, असं आपण शाळेत शिकलो. नव्या मोजणीत तो सुमारे ८७७ किलोमीटर भरला. समुद्र वाढला नाही, मोजपट्टी बारीक झाली. खाड्या, वळणं, सुळके हिशोबात धरले की आकडा वाढतो. पायी चालणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळतं. नकाशावर समोर दिसणारं गाव खाडीपलीकडे असतं.

इंग्लंड-वेल्समध्ये किनाऱ्याने आखलेल्या पायवाटा आहेत. वेल्सची सुमारे १,४०० किलोमीटरची वाट २०१२ मध्ये खुली झाली. बहुतेक लोक ती सुट्टी मिळेल तशी, तुकड्या-तुकड्यांत चालतात. आपल्याकडे खुणा केलेली सलग वाट नाही. पण टप्प्यांची पद्धत इथेही चालते.

टप्पा कसा निवडायचा?

दोन्ही टोकांना एसटी किंवा तर हवी. सुरुवातीला दाभोळ ते जयगड हा टप्पा चांगला. दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, मग अंजनवेल, गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ. तिथून पुन्हा फेरीबोटीने जयगड. तीन-चार दिवस हाताशी ठेवा. अंजनवेलजवळ वीज प्रकल्प असल्याने रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. पुढचा टप्पा जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेमार्गे रत्नागिरी.

भरती कधी, हे कसं ओळखायचं?

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता भरती. साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

• पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सकाळी सहा-सातला ओहोटी. उन्हाआधी चालायला उत्तम, पण दुपारी उधाणाचं पाणी खूप वर येतं.
• अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी. पाण्याचा चढ-उतार कमी, ऊन जास्त.

हा फक्त अंदाज आहे. जागेनुसार वेळ बदलते, म्हणून मोबाइलवर त्या गावाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघाच.

हिशोब चुकला तर?

गेल्या डिसेंबरमध्ये माझा चुकला. द्वितीया होती, म्हणजे दीडच्या सुमारास भरती. सातला निघायला हवं होतं. चहा-पोहे करता करता साडेनऊ वाजले. दोन तासांनी खडकांच्या एका टोकाला पोहोचलो, तेव्हा पुढची वाट पाण्याखाली होती. मागे वळलो, तर येताना कोरडी असलेली घळही भरत होती. करवंदीच्या जाळीतून ओरबाडत वर चढलो. वर भेटलेल्या काकांनी एवढंच विचारलं, ‘‘तिथी बघून निघाला नव्हतात काय?’’ इंजिनिअरिंगची चार वर्षं झालेल्या माणसाला पाऊणकीचा पाढा जमला नव्हता.

खाडी चालत ओलांडावी का?

अनोळखी खाडी कधीही नाही. ओहोटीला गुडघाभर दिसणारं पाणी मध्ये खोल असू शकतं, तळाला चिखल असतो आणि पाणी परत फिरलं की ओढ वाढते. तर, होडी किंवा पूल, नाहीतर लांबचा रस्ता. गावातल्या मच्छीमारांना विचारा. ते ‘नको’ म्हणाले, तर नको.

आणखी काय लक्षात ठेवायचं?

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पावसाळ्यात नाही.
• याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटी भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत असतात. म्हणून ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. पायही कमी दमतात.
• रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारत फिरू नका.
• पाणी, टोपी, शिट्टी जवळ ठेवा. मुक्कामाच्या घरी पोहोचण्याची वेळ कळवून ठेवा.

घाई कशाला?

रेवस-रेडी सागरी मार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल प्रस्तावित आहेत. गावांची ती जुनी गरज आहे. दवाखाना, कॉलेज जवळ येईल. पण पूल झाल्यावर तरी चालू राहतील का आणि पुलावर चालणाऱ्यासाठी कडेला जागा असेल का, हे आताच विचारायला हवं. तोवर एक लांब वीकेंड, एक तिथी आणि एक टप्पा. जिथे थांबाल, तिथून पुढच्या वेळी सुरुवात.