स्वस्त यंत्र, महाग विक्री

दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आपल्याकडील अनेक घरांत १९८०च्या दशकाच्या अखेरीस आले. एका टबात कपडे धुवायचे, मग ते ओलेच उचलून शेजारच्या टबात घालायचे आणि वेगाने फिरवून पाणी काढून टाकायचे, ही त्याची रीत आजही अनेक गृहिणींच्या हातवळणी आहे. मात्र हेच यंत्र त्याआधी तीन दशके ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचू लागले होते. ते ज्या पद्धतीने विकले गेले, तिचा इतिहास प्रत्येक व्यापाऱ्याने अभ्यासावा असा आहे.

लंडनच्या ईस्ट एंडमध्ये वाढलेला जॉन ब्लूम हा तरुण या इतिहासाचा नायक. त्या काळी तेथे बहुतेक मालाची किरकोळ किंमत उत्पादक ठरवीत आणि दुकानदारास ती कमी करता येत नसे. ब्लूमने दुकानच वगळले. १९५८ मध्ये हॉलंडहून आणलेल्या यंत्रांची त्याने ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रात जाहिरात दिली. वाचकाने कुपन भरून पाठवावे, विक्रेत्याने घरी जाऊन यंत्र दाखवावे आणि सौदा हप्त्यांवर ठरावा, अशी ही योजना होती. किंमत दुकानातील यंत्राच्या जवळपास निम्मी होती. पुढे ‘रोल्स रेझर’ ही दाढीची यंत्रे बनविणारी जुनी कंपनी हाती घेऊन त्याने लंडनच्या क्रिकलवुड भागात स्वतःचे उत्पादन सुरू केले. सर आयझॅक वुल्फसन यांच्या वित्तसंस्थेने ग्राहकांच्या हप्त्यांसाठी भांडवल पुरविले. श्रमिक कुटुंबांतील स्त्रियांचे आठवड्याचे धुण्याचे कष्ट यामुळे हलके झाले, हे श्रेय ब्लूमला द्यावेच लागेल.

परंतु दुकानदाराचे कमिशन वाचले, तरी विक्रीचा खर्च वाचला नव्हता. तो केवळ दुसऱ्या खात्यावर गेला होता. जाहिरात थांबली की कुपने थांबत आणि कुपने थांबली की रोकड आटत असे. जाहिरातीतील स्वस्त यंत्र दाखवून ग्राहकाच्या गळ्यात महागडे यंत्र मारले जाते, अशी टीकाही होऊ लागली. प्रस्थापित उत्पादकांनी किमती उतरविल्या, तेव्हा आधीच तुटपुंजा असलेला नफा उरला नाही. १९६४च्या उन्हाळ्यात टपाल कामगारांच्या आंदोलनाने कुपनांची वाट अडविली. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढे १९६९ मध्ये न्यायालयात ब्लूमने गुन्हा कबूल केला आणि त्यास ३०,००० पौंड दंड झाला.

विशेष म्हणजे किरकोळ किमती बांधून ठेवण्याच्या पद्धतीस पायबंद घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने १९६४ मध्येच केला. म्हणजे ब्लूमची दिशा चुकलेली नव्हती, चुकला तो हिशेब. हप्त्यांवर विकलेले प्रत्येक यंत्र ही पुढील काही वर्षांच्या सेवेची जबाबदारी असते. यंत्र बिघडले तर दुरुस्त करून देऊ, हा शब्द जमेच्या बाजूस दिसत नाही. खरे पाहता ते नावे बाजूचे देणे असते. कंपनी बुडाली तेव्हा हप्ते फेडणाऱ्या कुटुंबांच्या घरी यंत्रे उरली, पण त्या शब्दामागे उभे राहणारी पेढी उरली नाही.

माल स्वस्त देणे हे व्यापाऱ्याचे कौशल्य खरे. मात्र विक्रीनंतरच्या सेवेसाठी पुरेल इतका नफा किमतीत राखणे, हीच त्याची पत होय.