अमृताच्या शोधातून शतपावलीकडे

चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याने लहानमोठी राज्ये जिंकून एकछत्री साम्राज्य उभारले. मृत्यूच्या भयावर मात्र त्याला विजय मिळवता आला नाही. अमरत्व देणारे औषध शोधण्यासाठी त्याने शू फू नावाच्या मांत्रिकाला जहाजांचा ताफा देऊन पूर्वेकडील समुद्रात धाडले. शू फू अखेर परतला नाही आणि सम्राट इ.स.पू. २१० मध्ये, वयाची पन्नाशी गाठण्याच्या सुमारास मरण पावला.

त्यानंतर जेमतेम चार दशकांनी, इ.स.पू. १६८ मध्ये, आजच्या छांगशा शहराजवळ मावांगदुई येथे एका सरदार घराण्यातील तरुणाचे दफन झाले. १९७३ मध्ये ही कबर उघडण्यात आली, तेव्हा तेथे रेशमी कापडावरील एक चित्र सापडले. त्यात ४४ स्त्री-पुरुष शरीर ताणण्याच्या, वाकण्याच्या आणि श्वसनाच्या निरनिराळ्या मुद्रांमध्ये दाखवले आहेत. काहींच्या हालचाली अस्वल, बगळा अशा प्राणिपक्ष्यांवरून घेतलेल्या आहेत.

दीर्घायुष्याच्या दोन चिनी वाटा या दोन घटनांतून दिसतात. एक वाट अमृताची, म्हणजे एका घोटात मृत्यू टाळण्याची. दुसरी दररोजच्या संयमाची. या दुसऱ्या वाटेला चिनी भाषेत ‘यांगशेंग’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘जीवनाचे पोषण’.

अमृत नव्हे, विष

पहिल्या वाटेचा इतिहास दारुण आहे. हिंगूळ, पारा, सोमल यांसारख्या द्रव्यांपासून किमयागारांनी अमरत्वाच्या गोळ्या तयार केल्या. सातव्या ते दहाव्या शतकातील तांग राजवटीच्या एकाहून अधिक सम्राटांचे प्राण अशा गोळ्यांनी घेतले, असे इतिहासकार मानतात. याच प्रयोगांतून नवव्या शतकाच्या सुमारास गंधक, सोरा आणि कोळसा यांचे स्फोटक मिश्रण हाती लागले. बंदुकीच्या दारूसाठी चिनी भाषेत आजही ‘अग्निऔषध’ या अर्थाचाच शब्द वापरला जातो.

दिनचर्येचे शास्त्र

यांगशेंगचा पाया ‘हुआंगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथात सापडतो. पूर्वीची माणसे शंभरी गाठत, मग आताची पन्नाशीतच का थकतात, असा पीत सम्राटाचा प्रश्न ग्रंथाच्या आरंभीच येतो. त्यावर वैद्य छीबो जे उत्तर देतो, ते आजही परके वाटत नाही. पूर्वीच्या लोकांच्या खाण्यापिण्याला मर्यादा होती, झोपण्याउठण्याला नियम होता आणि ते स्वतःला निष्कारण झिजवत नसत. आता लोक पाण्यासारखे मद्य पितात आणि विश्रांतीचे भान सोडतात, असा त्याचा आशय. हिवाळ्यात लवकर निजावे व सूर्य वर आल्यावर उठावे, अशी ऋतूंनुसार वागण्याची शिकवणही त्यात आहे. आयुर्वेदातील दिनचर्या आणि ऋतुचर्या ठाऊक असलेल्या वाचकाला ही विचारसरणी ओळखीची वाटेल.

दुसऱ्या शतकाच्या अखेरचा ख्यातनाम वैद्य हुआ तुओ याने वाघ, हरिण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या हालचालींवर आधारलेला व्यायाम सांगितला. सतत फिरत्या दाराची लाकडी बिजागरी किडत नाही, हा त्यामागचा दृष्टांत. सातव्या शतकातील सुन सिमियाओ या वैद्याने आधी आहाराने उपचार करावा आणि तो निष्फळ ठरल्यासच औषधाकडे वळावे, असा क्रम घालून दिला. जेवल्यावर शंभर पावले चालणारा नव्याण्णव वर्षे जगतो, अशी चिनी म्हण आहे. मराठी घरांत त्याच शंभर पावलांना ‘शतपावली’ म्हणतात.

विज्ञान काय सांगते?

ताई ची या संथ लयीच्या व्यायामाचे २४ हालचालींचे सुलभ रूप चीन सरकारच्या क्रीडा विभागाने १९५६ मध्ये तयार केले. बीजिंगच्या ‘टेंपल ऑफ हेवन’ उद्यानात सकाळी ज्येष्ठ नागरिकांचे गट ते करताना दिसतात. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीचा समावेश मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

या व्यायामाची आधुनिक कसोट्यांवरही तपासणी झाली आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांचे तीन गट करण्यात आले होते. २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर दोन गटांपेक्षा अधिक सुधारला, तर केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे पडण्याचे प्रमाणही घटले. वृद्धापकाळी पडून होणारा खुब्याचा अस्थिभंग किती घातक ठरतो, हे लक्षात घेता हा लाभ लहान नाही. मात्र त्यावरून ताई चीने आयुष्य अमुक वर्षांनी वाढते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

चिनी माणसाचे आयुर्मान वाढले ते प्रामुख्याने वेगळ्या कारणांनी. १९४९ मध्ये सुमारे ३५ वर्षे असलेले सरासरी आयुर्मान आता ७८ वर्षांच्या पुढे गेले आहे. लसीकरण, स्वच्छ पाणी, साथीच्या रोगांचे नियंत्रण, घटलेले बालमृत्यू आणि खेडोपाडी पोहोचलेले ‘अनवाणी डॉक्टर’ यांचा त्यात मोठा वाटा आहे. यांगशेंगची परंपरा तर त्याआधी दोन हजार वर्षे अस्तित्वात होतीच.

जुना मोह, नवी बाजारपेठ

जुन्या ग्रंथांत काहीच नाही, असेही नव्हे. चौथ्या शतकातील गे होंग याच्या ग्रंथात हिवतापावर सांगितलेल्या वनस्पतीच्या उल्लेखावरून तू यूयू यांना आर्टेमिसिनिन वेगळे काढण्याची दिशा मिळाली आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाने गौरवण्यात आले. पण त्या उल्लेखाचे औषध झाले ते प्रयोगशाळेतील कठोर परीक्षेनंतरच.

ही परीक्षा टाळली की काय होते, हे बेल्जियममध्ये दिसले. तेथे १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींत एका वनस्पतीच्या जागी दुसरीच, विषारी वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक महिलांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. खुद्द चीनमध्ये २०१० साली झांग वुबेन या आहारगुरूने मुगाचे कढण मधुमेहासह अनेक रोगांवर रामबाण असल्याचे सांगितले. त्याचे पुस्तक तडाख्याने खपले आणि मुगाचे भाव कडाडले. पुढे त्याने सांगितलेली वैद्यकीय पात्रता खोटी असल्याचे उघड झाले. मूग पौष्टिक आहे, यात शंका नाही. पण त्याच्या भरवशावर मधुमेहाची औषधे बंद करणे म्हणजे पुन्हा अमृताच्याच वाटेला लागणे होय.

आपल्याकडेही ‘प्राचीन चिनी रहस्य’ म्हणून चहा, गोळ्या आणि चूर्णे विकली जातात. त्यांची पारख करताना एक साधी कसोटी उपयोगी पडेल. मिताहार, पुरेशी झोप, नियमित हालचाल आणि शांत चित्त यांची शिफारस करणारा सल्ला परंपरेच्या भक्कम भागातून आलेला असतो. त्यासाठी पैसेही फारसे मोजावे लागत नाहीत. झटपट गुण येण्याची हमी देणारी पुडी मात्र डॉक्टरांना दाखवल्याविना घेऊ नये. दीर्घायुष्याचा ध्यास घेतलेल्या सम्राटांनाही अशा पुड्यांनी वाचवले नाही.