पागोड्याच्या छपरांवर धातूचा हिशेब

पोलादाचा दांडा एका दमात तोडायला जेवढा जोर लागतो, त्याहून कितीतरी कमी जोर लाखो वेळा आलटूनपालटून दिला तरी तो दांडा तुटतो. हा धातूचा थकवा. कारखान्यात सगळे त्याला ‘फटीग’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलर यांनी डब्यांच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून कोणत्या ताणाला किती फेरे निभावतात, हे मोजलं. पुढे बेअरिंगच्या संदर्भात पामग्रेन यांनी १९२४ साली आणि विमानांच्या संदर्भात मायनर यांनी १९४५ साली सोपी बेरीज सुचवली. एखादा ताण धातू एक लाख फेरे सोसत असेल आणि त्यातले हजार झाले असतील, तर शंभरावा हिस्सा आयुष्य खर्ची पडलं. असे सगळे हिस्से मिळून एक झाले की तडा आलाच म्हणून समजा.

मेख आहे ती ‘फेरा’ कशाला म्हणायचं यात. प्रयोगशाळेतला नमुना एकाच मापाचा ताण खातो. रस्त्यावरच्या गाडीचं तसं नसतं. खड्डा, गतिरोधक, वळण, ब्रेक, पुन्हा खड्डा. सस्पेन्शनच्या भागावर चिकटवलेला, त्याचं ताणणं-आकसणं मोजणारा स्ट्रेन गेज जो आलेख काढतो, त्यात एकासारखं दुसरं टोक सापडत नाही.

याचं उत्तर १९६८ साली जपानमध्ये मात्सुइशी आणि तात्सुओ एन्दो यांनी दिलं. आलेख उभा धरायचा, काळ वरून खाली. मग त्याची टोकं पागोड्याच्या एकाखाली एक उतरत्या छपरांसारखी दिसतात. प्रत्येक टोकापासून पाण्याची धार सोडायची. ती छपरावरून खालच्या छपरावर पडत वाहते; समोर आपल्या उगमाहून टोकाचा बिंदू आला किंवा वरच्या छपरावरची धार आडवी आली, की थांबते. निघाली तिथपासून थांबली तिथपर्यंत अर्धा फेरा. म्हणून या पद्धतीचं नाव ‘रेनफ्लो’.

एक छोटा आलेख घेऊ. ताण शून्यावरून ३०० मेगापास्कलवर गेला, २०० वर उतरला, ५०० वर चढला. परत २००, मग ३०० आणि शेवटी शून्य. नुसत्या चढउतारांच्या जोड्या लावल्या तर ३०० चे दोन फेरे आणि १०० चा एक भरतो. रेनफ्लो मोजते ५०० चा एक मोठा फेरा आणि त्याच्या पोटात १०० चे दोन किरकोळ. हानी ताणाच्या पाचव्या घाताने वाढते असं धरलं, तर दुसरा हिशेब पहिल्याच्या सहापटीहून जास्त निघतो. पहिल्या हिशेबावर विसंबून गाडी बाजारात आणणं महागात पडेल.

दुसरा हिशेब खरा का, ते धातूच्या वागण्यात दिसतं. चढत्या वाटेवर ताण मध्येच थोडा उतरून परत चढला, की ताण आणि विकृती (ताणामुळे आकारात पडणारा फरक) यांच्या आलेखात एक लहान वेटोळं पूर्ण होतं. ते मिटताच धातू आपली जुनी वाट धरतो, मधला फाटा घडलाच नव्हता अशा थाटात. रेनफ्लो नेमकी ही वेटोळी वेचते. म्हणूनच १९८५ साली ती अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकसंस्थेच्या प्रमाणपद्धतीत आली. आज पवनचक्कीच्या पात्यांपासून वाहनांच्या चासीपर्यंत तिचा वापर होतो.

पण या हिशेबाला मर्यादा आहेत. आधी मोठा धक्का बसून मग लहान बसले, की लहान आधी बसून मोठा शेवटी, याची दखल मायनरची बेरीज घेत नाही. तड्याची वाढ मात्र या क्रमाने बदलते. त्याहून अवघड प्रसंग फिरत्या शाफ्टचा. त्याला वाक आणि पीळ एकाच वेळी बसतो, आणि दोन्हींची लय जुळत नाही. मुख्य ताणाची दिशाच फिरत राहते, तर कोणती रेषा आलेख म्हणून घ्यायची? ब्राउन आणि मिलर यांनी १९७३ साली, फतेमी आणि सोसी यांनी १९८८ साली याचा मार्ग दाखवला: धातूतून कल्पिलेल्या अनेक प्रतलांवर एकेक करून हिशेब करायचा आणि ज्यावर हानी सर्वाधिक, ते धोक्याचं मानायचं. फतेमी-सोसी यांच्या सूत्रात प्रतलावरचं घसरणं तडा पाडतं आणि त्यावरचा लंब ताण त्याचं तोंड उघडं ठेवतो.

एवढं करूनही एकाच भट्टीतले दोन सारखे नमुने सारखे टिकत नाहीत. त्यामुळे आकडा हाती आला की अनुभवी डिझाइनर तो तसाच वापरत नाही; वर सुरक्षेचा गुणक लावतो आणि रिगवर चाचणी घेतो. कॉम्प्युटर बेरीज क्षणात करतो, पण काय मोजायचं हे चुकलं तर ती बेरीज कितीही बिनचूक असून उपयोग नाही.