बँकेच्या लिलावातलं घर : एजंटचं काम कोणतं, आपलं कोणतं?



वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत 'ताबा नोटीस' आणि 'ई-लिलाव सूचना' छापून येतात. घरकर्ज थकलं, की सरफेसी कायदा, 2002 नुसार बँक कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस देते. तरीही पैसे आले नाहीत, तर ताबा घेऊन घर लिलावात विकते. मालवणात घर शोधणाऱ्यांना एजंट अशी घरंही सुचवतात. "बँकेचं आहे, म्हणजे कागद स्वच्छच," असं सांगितलं जातं. इथेच थांबून विचार करायला हवा.

बँक घर 'जसे आहे, जिथे आहे' या तत्त्वावर विकते. थकलेली घरपट्टी, वीजबिल, आत राहणारी माणसं, सगळं आपणच बघून घ्यायचं असतं.

एजंटचा उपयोग नक्कीच आहे. तो गावातला असेल तर वाट कोणाच्या जागेतून जाते, विहीर कोणाची, घरात कोण राहतं, हे त्याला ठाऊक असतं. पण विकणारा तो नव्हे. विक्री करतो बँकेचा प्राधिकृत अधिकारी. त्याचं नाव आणि फोन नंबर नोटिशीत असतो, त्याच्याशी स्वतः बोला.

त्याला आणि वकिलाला हे चार प्रश्न जरूर विचारा :

1. ताबा प्रत्यक्ष आहे की फक्त सांकेतिक? सांकेतिक म्हणजे दारावर नोटीस लागली, पण कुटुंब अजून आतच आहे. घर रिकामं करून घेण्यासाठी बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यात महिने जाऊ शकतात.

2. सातबारा किंवा आखीव पत्रिकेवर किती नावं आहेत? आपल्या कोकणात सामाईक जमिनी फार. काका-पुतण्यांचे हिस्से वेगळे झालेले नसतील, तर बँकेकडे गहाण काय होतं ते नीट पाहा.

3. जमीन बिनशेती आहे का? शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. घर किनाऱ्याजवळ असेल तर बांधकाम परवानगीही तपासा.

4. कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा केला आहे का?

आता सातवीतलं शेकडेवारीचं गणित. समजा, राखीव किंमत 20 लाख आणि अनामत तिच्या 10 टक्के, म्हणजे 2 लाख. बोली 24 लाखांवर थांबली. नियमानुसार 25 टक्के, म्हणजे 6 लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. अनामत वजा जाता 4 लाख लागतील. उरलेले 18 लाख विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेने लेखी मान्यता दिली तरच मुदत वाढते, तीही जास्तीत जास्त तीन महिने. पैसे भरता आले नाहीत, तर भरलेले 6 लाख जप्त होतात. घर तर नाहीच, वर्षानुवर्षांची बचतही जाते.

म्हणून एजंटचं कमिशन आधीच लिहून घ्या. अनामत त्याच्या हातात रोख देऊ नका, नोटिशीतल्या बँक खात्यातच भरा. आणि कर्ज काढून घर घेणार असाल, तर आपल्या बँकेची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय बोली लावू नका.