पाच मिलिमीटरचा प्रश्न

इस्लापूरहून सहस्रकुंडाकडे निघालात, की पैनगंगेच्या काठचे सागवान आणि त्याला खेटून असलेली कापूस, सोयाबीन, तुरीची शेते लागतात. रान आणि शेत यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी एका बांधाचेच अंतर आहे. पीक हाताशी येऊ लागले की या भागात आखाड्यावर जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप रात्रीत जेवढे खातो, त्याहून जास्त तुडवतो. रोही दिवसाढवळ्याही तुरीत शिरतात. शेतकरी बॅटरी, पत्र्याचा डबा, फटाके, जाळ अशा जमेल त्या उपायाने त्यांना हाकतो. एखाद्या घरात परवान्याची बारा बोअरची बंदूकही असते. बहुधा ती वडिलांची किंवा आजोबांची असते आणि वारसाने नावावर झालेली असते.

अशा बंदुकीविषयी सगळे एकच विचारतात, ‘किती लांब मारते?’ मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तिचे चेंबर किती लांबीचे आहे?

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी कोरलेली जागा. ती नळीच्या पुढच्या भागापेक्षा थोडी रुंद असते, आणि जिथे संपते तिथे नळी उतरत उतरत अरुंद होते. हा उतार पुढे महत्त्वाचा आहे, म्हणून ध्यानात ठेवावा. ‘बारा बोअर’ हा मात्र जाडीचा आकडा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. पडताळून पाहायचे असेल तर गणित सोपे आहे. पौंडाचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम, शिशाची घनता ११.३४, म्हणून गोळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. जगातली कुठलीही बारा बोअर घ्या, नळीचा आतला व्यास याच्या आसपास निघतो. चेंबरची लांबी मात्र एक नाही. जुन्या इंग्लिश बंदुकांचे चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे. आज सर्वाधिक चालते ते पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचे. त्यापुढे तीन इंची ७६ आणि साडेतीन इंची ८९ मिलिमीटरचे.

ठासणीच्या बंदुकीत हा प्रश्नच नव्हता. दारू किती घालायची, छर्रे किती, दट्ट्या किती ठोकायचा, हे सारे ठासणाऱ्याच्या हातात होते. गंमत अशी की आपला १९५९चा शस्त्र कायदा अजून तिला विसरलेला नाही. पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी त्याच्या १३व्या कलमात पहिले नाव ठासणीच्या बंदुकीचेच आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. काडतुसाची बंदूक आली तेव्हा दारूचे माप शेतकऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेले आणि चेंबरची लांबी ही त्या मापाची मर्यादा ठरली.

खरी फसगत या लांबीतच आहे. काडतुसावर ‘७०’ छापलेले असते ते टोपण उघडल्यानंतरच्या नळकांड्याचे माप. कारखान्यातून येणाऱ्या काडतुसाचे तोंड चांदणीसारख्या घड्या घालून आत दुमडलेले असते. त्यामुळे न उडवलेले ७०चे काडतूस पट्टीवर ५८ मिलिमीटरच्या आसपास भरते. ६५च्या चेंबरमध्ये ते सहज सरकते, बंदूक मिटते, चापही ओढता येतो. कुठे अडत नाही, कुठे घासत नाही. ‘बसले म्हणजे चालते’ हा समज इथूनच निघतो आणि बारा बोअरच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

चाप ओढल्यावर काय होते? टोपी पेटते, दारू पेटते, दाब चढतो आणि दुमडलेले तोंड पुढे उघडते. ७०च्या चेंबरमध्ये त्या घड्यांना उलगडायला जागा असते. ६५च्या चेंबरमध्ये उरलेले पाच मिलिमीटर त्या उताराच्या भागात जाऊन पडतात. जिथे नळी आधीच अरुंद होते आहे, तिथे प्लास्टिकचे कडे अडकते. छऱ्यांना आणि दट्ट्याला त्यातून स्वतःला पिळून काढावे लागते. हे घडते नेमके वाईट क्षणी, कारण छर्रे जागचे काही सेंटिमीटर हलतात न हलतात तोच नळीतला दाब सर्वोच्च असतो.

आता दारूचा स्वभाव पाहा. बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर शांतपणे जळते. बंदिस्त जागेत तिचा जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, आणि जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. छर्रे पुढे सरकून जागा मोकळी करत जातात, म्हणूनच हे चक्र आटोक्यात राहते. त्यांची वाट क्षणभर अडली तरी दाबाचा आलेख वर उसळतो. पाच मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. या चक्रात ते किरकोळ राहत नाहीत.

सगळ्यात घातक गोष्ट ही, की पहिल्या बाराला बहुधा काहीच होत नाही. प्रत्येक चांगली नळी नेहमीच्या दाबापेक्षा बऱ्याच जास्त दाबाने तपासलेली असते. धक्का जरा जास्त बसतो, खांदा दुखतो, एवढेच. मग ‘आमच्यात तर चालते’ अशी खात्री होते. पुढे बिजागरी ढिली पडते, मिटलेल्या बंदुकीत फट दिसू लागते, नळीला फुगवटा येतो. ती फुटते तेव्हा धरणाऱ्याचा पुढचा हात तिथेच असतो.

मग बंदुकीचे चेंबर कळणार कसे? नळ्या लाकडापासून सुट्या केल्या की त्यांच्या मागच्या टोकाला खालून सपाट भाग दिसतो. त्यावर बारीक ठसे असतात, आणि बंदुकीची खरी जन्मकुंडली म्हणजे हे ठसे. इंग्लंडात लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे तपासणीघर १८१३चे. तिथे दाबाच्या तपासणीत पास होऊन ठसा उमटल्याशिवाय नळी विकता येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या बंदुकांवर हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत ‘१२’ आणि इंग्रजी ‘सी’ अक्षर दिसते. याचा अर्थ चेंबर तीन इंचांहून आखूड. ‘एलसी’ असेल तर लांब. १९२५च्या नियमांनंतर चेंबरची लांबी इंचात स्पष्ट ठोकू लागले. १९५४नंतर सोबत दाबही आला. अडीच इंचीला दर चौरस इंचाला ३ टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन, तीन इंचीला ४. हे टन तांब्याचा लहानसा ठोकळा किती चेपला यावरून काढत, म्हणून आजच्या आकड्यांशी त्यांची थेट तुलना करू नये. आज युरोपात साध्या काडतुसाला ७४० बार आणि जास्त दाबाच्या काडतुसाला १०५० बार अशी कमाल मर्यादा आहे.

किनवट तालुका १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या काळात या रानांत शिकारीचा मोठा शौक होता आणि तेव्हाच्या चांगल्या बंदुका विलायतेहून येत. म्हणून मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात इंग्लिश दुनळी असेल, तर ती ६५ची आहे असे धरूनच पुढे जावे. नळीवर लाटांसारखी, पाण्याच्या रेघांसारखी नक्षी दिसली तर आणखी जपावे. ती नळी लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून घडवलेली आहे आणि बहुधा काळ्या दारूसाठी केलेली आहे. माझे मत विचाराल तर जाणकाराने तपासल्याशिवाय तिच्यात आजचे कुठलेच काडतूस घालू नये, ६५चेसुद्धा.

काडतूस मात्र आज घरचेच मिळते. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. तिथली बारा बोअरची काडतुसे देशभर जातात. घेताना खोक्यावरचा आकडा वाचावा. एक खोच सांगून ठेवतो. काही काडतुसांचे नळकांडे प्रत्यक्षात ६७ मिलिमीटरचे असते, तरी खोक्यावर ती ६५च्या चेंबरसाठी असल्याचे लिहिलेले असते. ती त्या मापाने तपासलेली असतात, ती चालतात. म्हणजे काडतूस घरी पट्टीने मोजून निर्णय करू नये, कारखान्याने काय लिहिले आहे ते मानावे. उलट दिशेची अडचण नाही. ७०च्या चेंबरमध्ये ६५चे आणि ७६मध्ये ७०चे काडतूस चालते.

आता ‘लांब काडतूस लांब मारते’ या समजाकडे वळू. लांब नळकांड्यात छर्रे जास्त मावतात. प्रत्येक छऱ्याचा वेग त्यामुळे वाढत नाही, कित्येकदा थोडा कमीच असतो. ७०च्या काडतुसात ३२ ग्रॅम छर्रे धरा, वेग सेकंदाला ३८० मीटर. ७६च्या भारी काडतुसात ५३ ग्रॅम, वेग ३६५. बंदूक तीन किलोची. दारू आणि दट्ट्या सोडून नुसत्या छऱ्यांचा हिशेब केला तर पहिल्यात बंदूक सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे येते, दुसऱ्यात जवळपास साडेसहा मीटर. छर्रे दीडपटीहून थोडे जास्त, पण खांद्यावर येणारी ऊर्जा अडीचपट. मचाणावर अंधारात, अवघडून बसलेल्या माणसाचा नेम याने सुधारत नाही.

शिवाय लांब चेंबर जन्मले ते पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी. साडेतीन इंची काडतूस १९८८मध्ये अमेरिकेत आले. तिथे पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला टप्प्याटप्प्याने बंदी येत होती, १९९१मध्ये ती देशभर लागू झाली. तळ्यात पडलेले शिसे गिळून बदके विषबाधेने मरत होती. शिशाऐवजी पोलाद आले. पोलादाची घनता ७.८, म्हणजे तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते, म्हणून नळकांडे लांबले. या गरजेचा पैनगंगाकाठच्या जागलीशी काही संबंध नाही. डुकरासाठी वापरतात त्या ‘एसजी’ छऱ्यांचे माप आठ छऱ्यांना एक औंस. ३२ ग्रॅममध्ये नऊ छर्रे बसतात. काही अंतरानंतर ते इतके पांगतात की लागले तर एखाद-दुसराच लागतो, आणि जनावर जखमी होऊन उसात किंवा नाल्यात शिरते. जखमी डुक्कर सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर जाते. जवळून, स्पष्ट दिसत असताना आणि मागे वस्ती नसताना मारलेला ७०चा एक बार यापेक्षा केव्हाही बरा.

शिकार हा शब्द मी जपून वापरतो आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशीची शिकार या देशात बंद केली आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारायचे तर ११व्या कलमाखाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे. आणि नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागायचा हक्क तर बंदूक नसलेल्यालाही आहे.

६५चे चेंबर कोरून ७०चे करून देतो असे कोणी सांगितले तर नाही म्हणा. कोरले की नेमकी सर्वाधिक दाबाच्या जागी भिंत पातळ होते, आणि पुन्हा दाबाची तपासणी झाल्याखेरीज त्या नळीवरचा जुना ठसा खोटा ठरतो.

यंदाची जागल सुरू होण्याआधी घरातली बंदूक रिकामी करा, दोनदा पाहून खात्री करा आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेऊन गेजने चेंबर मोजून घ्या. मापाचा आकडा परवान्याच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे उद्या मुलगा किंवा पुतण्या काडतुसे आणायला गेला तरी तोच आकडा मागेल.